गुडघ्याचं विचारलंत म्हणून

कबड्डीचा मोसम सुरू झाला की दोन-तीन पालक तरी एमआरआयचं ते मोठं पाकीट घेऊन शाळेत येतात. रिपोर्टात 'एसीएल कम्प्लीट टेअर', म्हणजे गुडघ्यातली दोरी पूर्ण तुटली, ह्या शब्दांखाली कुणीतरी पेनानं रेघ मारलेली असते. प्रश्न ठरलेला. "मॅडम, तुमचंही झालं होतं ना? ऑपरेशन करायलाच लागतंय का? आमच्याकडं एक मालिशवाला आहे, त्याच्या हातानं होईल का?"

मी क्रीडाशिक्षिका आहे, डॉक्टर नाही. पण माझं काय झालं ते सांगू शकते.

एकविसाव्या वर्षी जिल्हा निवड चाचणीत चढाई करून मध्यरेषेकडे वळले. डावा पाय मॅटवर रोवलेला होता, अंग फिरलं आणि गुडघा जागेवरच राहिला. कुणी धरलंही नव्हतं मला. आतून 'टक्' असा आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली. मातीवर पाय कदाचित घसरला असता. मॅटवर बूट चिकटून राहतो.

तिसऱ्या दिवशी मालिशवाला. गरम तेल, पाय ओढणं, वरून लेप. सूज दुप्पट झाली. आत रक्त साचलेल्या गुडघ्याला पहिल्या दिवसांत चोळायचं नसतं, बर्फ आणि दाबपट्टी लागते, हे मला फार उशिरा कळलं. तरी दीड महिन्यात दुखणं थांबलं आणि घरात सगळ्यांनी ठरवलं, मालिशचा गुण आला. खरं म्हणजे सूज ओसरली की एसीएल नसलेला गुडघाही एरवी फारसा दुखत नाही. तो फक्त अधूनमधून सटकतो. चौदा महिन्यांनी एसटीतून उतरताना तसाच सटकला आणि आतली, दोन हाडांमधली गादी (मेनिस्कस) फाटली.

एसीएल ही गुडघ्याच्या आतली दोरी. मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधते, नडगी पुढे सरकू देत नाही, पीळ पडू देत नाही. ती सांध्यातल्या पाण्यात असते. त्यामुळे तुटल्यावर दोन टोकांमध्ये रक्ताची गुठळी धरून राहत नाही आणि ती सहसा सांधली जात नाहीत. काही जणांत ती पुन्हा जुळलेली एमआरआयवर दिसली आहेत हे खरं, पण वरून चोळून तिथवर कुणाचाच हात पोचत नाही.

म्हणजे ऑपरेशनच? तसंही नाही. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या १२१ तरुण माणसांचे दोन गट करून पाहिलं होतं. ६२ जणांचं लवकर ऑपरेशन, ५९ जणांना आधी नेटाचा व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. २०१० साली निष्कर्ष छापून आले. दोन वर्षांनी स्वतःच्या गुडघ्याबद्दल दोन्ही गटांनी दिलेलं मत जवळपास सारखं होतं. व्यायामाच्या गटातल्या २३ जणांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं, पाच वर्षांनी तो आकडा ३० झाला. उरलेल्यांचं सगळं आयुष्य बिनऑपरेशनचं जाईल असं म्हणत नाही मी, पण पाच वर्षं तरी भागलं. त्यात व्यावसायिक खेळाडू नव्हते, हेही लक्षात ठेवा.

हे वाचलं तेव्हा माझी चूक नेमकी कळली. ऑपरेशन लांबवलं ही चूक नव्हतीच. त्या चौदा महिन्यांत मी ऑपरेशनही केलं नाही आणि व्यायामही केला नाही. नी-कॅप चढवून हिंडले. नी-कॅपनं ऊब मिळते, धीर येतो, सटकणं थांबत नाही.

पुढे दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून, हाडांत बोगदे पाडून, ती एसीएलच्या जागी बसवली. गादीचा फाटका तुकडा काढावा लागला, तो गेला तो गेलाच. लोकांना ऑपरेशनचीच भीती वाटते, पण ते भूल देऊन होतं. खरी परीक्षा टॉवेलची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, बस्. पहिले आठ-दहा दिवस माझ्या मांडीला हुकूमच पोचत नव्हता. मी बघतेय आणि ती ढिम्म. त्यात आई मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवायची. फिजिओ येऊन ती काढून टाचेखाली ठेवायचा, कारण पाय पूर्ण सरळ झाला नाही तर लंगडणं कायमचं मागे लागतं. उशीवरून आमच्या घरात रोज भांडण. मांडी घालून बसायची घाई पाहुण्यांनाच जास्त होती.

आणि एक फसवा काळ असतो. दोन-तीन महिन्यांनी चालणं छान जमतं आणि नेमकी तेव्हाच नवी दोरी कच्ची असते. नॉर्वेतल्या खेळाडूंच्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतायला जितका उशीर, तितकी पुन्हा दुखापत कमी, महिन्यामागे जवळपास निम्मी, असं दिसलं. आमच्याकडे पाचव्या महिन्यात स्पर्धा लागते आणि प्रशिक्षकाचा फोन येतो.

पीआरपीच्या, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स काढून देतात त्या इंजेक्शनांचंही विचारता. पूर्ण तुटलेली दोरी त्यानं जोडली जाते असा भरवशाचा पुरावा नाही. तेल मात्र सूज गेल्यावर खुशाल लावा, बरं वाटतं.

म्हणून मी उलट विचारते, मुलीला काय करायचंय? पोलीस भरतीत ८०० मीटर सरळ धावायचं असतं. ते अनेकांना व्यायामावरही जमतं. कबड्डीत क्षणात वळायचं असतं, तिथं बहुतेक सर्जन ऑपरेशनच सुचवतात. गुडघा मध्येच अडकून बसत असेल, सरळच होत नसेल, तर मात्र वाट बघू नका, गादी अडकलेली असू शकते. आणि दोन्ही वाटांवर मांडी कमवावीच लागते.

गेल्या आठवड्यात आलेल्या एका वडिलांना हे सगळं सांगून झालं, तरी ते म्हणाले, "मग मालिशवाल्याला एकदा दाखवून बघू का?" मी कपाटातली शिंप्याची टेप काढली. वाटीपासून वर पंधरा सेंटिमीटरवर मुलीच्या दोन्ही मांड्या मोजल्या. चांगली मांडी ४८, दुसरी ४५. त्यांनी टेप माझ्या हातातून घेतली, स्वतः पुन्हा मोजली, आणि विचारलं, "हे फिजिओ कुठं बसतात?"