टोप्या विणणाऱ्या बायकांचं खातं

भाचा मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टरला असतो. गेल्या जूनमध्ये त्याच्याकडे होते तेव्हा एका शनिवारी सकाळी म्हणाला, "मावशी, चल, तुझ्या दादांच्या दुकानासारखं दुकान दाखवतो." दादा म्हणजे माझे आजोबा. त्यांचं संगमनेरजवळच्या खेड्यात किराणा दुकान होतं आणि माझ्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्या गल्ल्याशेजारी गेल्या.

अर्ध्या तासात आम्ही ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेजला पोचलो. १९४६ साली सुरू झालेलं हे संग्रहालय म्हणजे अख्खं गावच आहे. न्यू इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांतून जुनी घरं, बँक, प्रार्थनाघर सुटं करून आणलं आणि इथे पुन्हा उभं केलं. गावातला काळ साधारण १८३०च्या दशकातला. मधल्या हिरवळीच्या कडेला अ‍ॅसा नाइट यांचं दुकान आहे. ते मूळचं व्हरमाँटमधल्या डमर्स्टनचं. नाइट यांनी ते १८२०च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे पाव शतक चालवलं. त्यांचे हिशेबाचे कागद टिकले, म्हणून फळ्यांवर काय असायला हवं हे आज सांगता येतं.

आत पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबले. छताला टेकलेल्या फळ्या, इंग्लंडची चिनी मातीची भांडी, कापडाचे तागे, चहाचे डबे, काकवीचं पिंप, खिळे, बिजागऱ्या, पाट्या-पेन्सिली. त्या काळच्या वेशातल्या एक बाई गल्ल्यामागे उभ्या होत्या. मी भारतातून आले आहे म्हटल्यावर त्यांनी खालून एक छोटा खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. गडद, जवळजवळ काळा. नखाने घासला तसा त्यावर तांब्यासारखा लालसर झाक मारणारा पट्टा उमटला. नीळ! त्या काळी बंगालची नीळ अशा दुकानांमधून शेतकऱ्यांच्या घरी जायची आणि घरच्या लोकरीचं सूत त्यात रंगायचं. बंगालच्या रयतेवर निळीसाठी झालेला जुलूम आपण शाळेत शिकतो. तिचं दुसरं टोक असं हातात येईल हे ध्यानीमनी नव्हतं. काकवी आणि साखर कॅरिबियन बेटांवरची, तीही बरीचशी गुलामांच्या घामाची. डोंगरातल्या एका खेड्यातलं दुकान, पण जगाचा माल तिथे पोचत होता.

मला मात्र वह्या बघायच्या होत्या. आतल्या मेजावर नमुन्यादाखल दोन ठेवल्या होत्या आणि त्या पाहून मी भाच्याचा दंड धरला. अरे, ही तर रोजकीर्द आणि खतावणी! गिऱ्हाईक येईल तशी दिवसाची नोंद एका वहीत. मग सवडीने एकेक नोंद त्या त्या माणसाच्या पानावर खतवायची आणि रोजकीर्दीत शेजारी त्या पानाचा आकडा टाकायचा. दादांच्या वहीत त्या रकान्यावर 'खा. पा.' लिहिलेलं असे, खाते पान. खतावणीत डाव्या बाजूला नावे, म्हणजे गिऱ्हाइकाने नेलेलं, उजव्या बाजूला जमा, म्हणजे त्याने फेडलेलं. नावेच्या ओळी 'टू' ने सुरू, जमेच्या 'बाय' ने. अकरावीला कॉमर्सच्या वर्गात आम्ही हेच दोन शब्द अर्थ न विचारता गिरवले होते.

जमेच्या बाजूला रोख फार कमी असायची, आणि इथेच खरी गंमत आहे. खेड्यात नाणं दुर्मीळ. शेतकरी चहा, कापड, खिळे न्यायचा आणि फेडायचा लोण्याने, चीजने, धान्याने, जळाऊ लाकडाने, कधी दुकानदाराचा माल बैलगाडीने वाहून. पण याला नुसती अदलाबदल म्हणता येणार नाही. प्रत्येक वस्तूचा भाव डॉलर-सेंटमध्ये धरून मांडलेला असायचा. पैसा हातात नसला तरी वहीत होता. लोणी उन्हाळ्यात, धान्य सुगीला, म्हणून खातं वर्षभर, कधी कित्येक वर्षं उघडं राहायचं. मग दोघं बसून बाकी काढायचे आणि त्या पानावर सह्या करायचे. वहीतल्या उधारीवर बहुधा व्याज नसे. ती फिटत नाही असं दिसलं की तिची वचनचिठ्ठी व्हायची आणि तिच्यावर व्याज लागायचं, तिकडच्या कायद्याने ६ टक्के. दुकानदारही मोकळा नव्हताच. बॉस्टनचे घाऊक व्यापारी त्याला सहा-सहा महिन्यांच्या वायद्यावर माल द्यायचे. १८३७ साली मंदी आली तेव्हा अशी कितीतरी दुकानं बुडाली.

भावांमध्ये १२½ सेंट, ६¼ सेंट असे आकडे दिसतात. त्याचं कारण स्पॅनिश चांदीची नाणी. ती १८५७ पर्यंत अमेरिकेत कायदेशीर चलनात होती आणि स्पॅनिश डॉलरचा आठवा हिस्सा म्हणजे साडेबारा सेंट. न्यू इंग्लंडमध्ये लोक त्याला अजून इंग्रजी हिशेबाने 'नाइनपेन्स' म्हणायचे, कारण तिथे डॉलरचे सहा शिलिंग, म्हणजे बहात्तर पेन्स धरत. राज्य बदललं, चलन बदललं, तोंडातला हिशेब जुनाच. दादा पन्नास पैशांना शेवटपर्यंत आठ आणेच म्हणत.

निघता निघता खुंटीवरच्या टोप्यांकडे लक्ष गेलं. पामच्या पानांच्या, पिवळसर, हलक्या. दुकानदार क्यूबाहून आलेली पानं घरोघरी वाटायचा, बायका आणि मुलं ती विणून टोप्या परत द्यायची. न्यू हॅम्पशायरमधल्या फिट्झविल्यमचा डेक्स्टर व्हिटमोर हा दुकानदार या धंद्यात मोठा होता. टोप्या दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे विकायला जायच्या आणि विणणारीला पैसे नाही, तर खात्यात जमा मिळायची. त्या जमेवर घरात कापड यायचं, कपबशा यायच्या.

एक टोपी हातात घेऊन पाहिली. कडेला पान दुमडून आत घेतलंय ते इतकं बारीक की टोक सापडत नाही. मी बाईंना विचारलं, "खातं कुणाच्या नावावर?" त्या म्हणाल्या, लग्न झालेली असेल तर बहुधा नवऱ्याच्या. तेव्हाच्या कायद्याने तिची कमाई त्याचीच. अविवाहित मुलींची आणि विधवांची स्वतःची खाती सापडतात.

परतताना गाडीत मी फारशी बोलले नाही. मला आमच्या खतावणीची पानं आठवत होती. प्रत्येक पानावर पुरुषाचं नाव, आणि दुकानाच्या पायरीवर मात्र बायकाच उभ्या. पदरात शेंगा घेऊन येणाऱ्या, अंडी घेऊन येणाऱ्या, तेलाची बाटली पुढे करून "मांडून ठेवा" म्हणणाऱ्या. अंड्यांची जमासुद्धा नवऱ्याच्या पानावर जायची. मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं. तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं, आणि आता ते मनातून जाईना.

रात्री, तिकडे सकाळ झाल्यावर, आत्याला फोन लावला. ती लग्नाआधी दादांची खतावणी लिहायची. विचारलं, "आत्या, आपल्याकडे एखाद्या बाईच्या नावाचं खातं होतं का गं?"

"होतं की," ती म्हणाली. "विडी वळायची बघ, मळ्यातली. नवरा गेला तेव्हा दादांनी मलाच सांगितलं, त्याचं नाव खोड आणि तिचं घाल. पान तेच. मागची बाकीही तीच." मग जरा थांबून म्हणाली, "तोपर्यंत मला तिचं नावच माहीत नव्हतं. विचारायला तिच्या घरी गेले होते."