बीटच्या रानातले हंस

लहानपणी माझ्यासाठी हंस म्हणजे सरस्वतीच्या पायाशी बसलेला, रांगोळीत काढायचा पक्षी. आमच्या नगर जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात तो कुणी पाहिलेला नव्हता. हिवाळ्यात गोदावरीच्या पाणथळात पट्टकदंब उतरायचे, त्यांनाच लोक राजहंस म्हणायचे. त्यामुळे जानेवारी २०२० मध्ये इंग्लंडच्या पूर्वेला, फेन्स भागात, हंसगणनेसाठी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं तेव्हा मनात थोडी धाकधूक होती. आपल्याला जमेल का हे?

ही गणना दर पाच वर्षांनी होते आणि युरोपभर एकाच वेळी होते. पक्षी आज इथे, उद्या तिथे. वेगवेगळ्या दिवशी मोजले तर तेच पुन्हा मोजले जातात, नाहीतर सुटून जातात.

गणनेतले माझे जोडीदार पंचाहत्तरीचे होते. आयुष्यभर त्याच भागात साखरेचं बीट पिकवलेले निवृत्त शेतकरी. सकाळी आठला, नुकतं फटफटत असताना, आम्ही वेल्नी गावाजवळ बांधाच्या कडेला गाडी लावली. सतराव्या शतकात पाणी काढून कसायला घेतलेली ही जमीन, काळीभोर आणि ताटासारखी सपाट. सरळ रेषेत खणलेल्या चाऱ्या, आणि झाड औषधालासुद्धा नाही. बीट काढणारं यंत्र फिरून गेलं की रानात पानं आणि तुटके कंद उरतात. आमच्याकडे ऊसतोडीनंतर वाढे उरतात, अगदी तसंच. हंगामही तोच, थंडीचा. आमच्याकडे वाढे जनावरांना जातात. इथला पाला आइसलँडहून समुद्र ओलांडून आलेले हूपर हंस खातात.

पहिल्या रानात मोठा थवा होता. गाडीतून उतरायचं नाही, अशी सक्त सूचना होती. गाडीला हंस सरावलेले असतात, माणूस दिसला की उडतात. काच अर्धी खाली करून तिच्यावर दुर्बीण टेकवली आणि मी डावीकडून, मोजणीचा क्लिकर दाबत निघाले. माना खाली घालून चरणारे पक्षी एकमेकांच्या आड जातात. एक मान वर आली की मागची दुसरी दिसते. मी एकशे चाळीसच्या पुढे गेले होते, तेवढ्यात शेजारच्या गव्हात पक्षी हुसकवायला ठेवलेली गॅसची तोफ धडाडली. आमच्याकडे गोफण असते, इथे ही. अख्खा थवा उठला. नऊ-दहा किलोचा पक्षी जागच्या जागी उडत नाही, धावावं लागतं. ढेकळांवर पडणाऱ्या शेकडो पायांचा तो थपथप आवाज मला छातीत जाणवला.

निम्मे पुढच्या रानात उतरले, निम्मे चारीपलीकडे, दुसऱ्या जोडीच्या हद्दीत. जोडीदारांनी लगेच त्यांना फोन लावला, वेळ आणि दिशा सांगितली, पलीकडे गेलेले त्यांनी मोजायचे असं ठरवलं. मी पुन्हा शून्यापासून सुरू केलं. ११२. दुसऱ्यांदा १०९. तिसऱ्यांदा ११२. मग राखाडी पिल्लं वेगळी मोजली, कारण त्या वर्षी किती पिल्लं जगली हे त्यांच्यावरूनच कळतं.

थव्याच्या कडेला तीन पक्षी जरा आखूड मानेचे, लहानखुरे दिसले. मी स्कोप त्यांच्याकडे वळवला. हूपरच्या चोचीवरचा पिवळा रंग टोकदार पाचरीसारखा नाकपुडीच्या पुढे जातो. यांचा मागेच, गोलसर थांबलेला. ब्यूइक हंस! रशियाच्या उत्तरेकडच्या टुंड्रातून, साडेतीन हजार किलोमीटरवरून आलेले. नर, मादी आणि एक पिल्लू. नराच्या चोचीच्या मुळाशी पिवळ्यात एक काळा ठिपका होता, दृष्ट लागू नये म्हणून लावतात तसा. प्रत्येक ब्यूइकचा हा नक्षा वेगळा असतो. पक्षिअभ्यासक पीटर स्कॉट यांनी १९६४ मध्ये इंग्लंडमधल्याच स्लिमब्रिजला त्यावरूनच एकेकाला ओळखून नावं द्यायला सुरुवात केली होती. तो ठिपका दिसल्यावर माझ्यासाठी ते तिघं नुसता आकडा उरले नाहीत.

दुपारनंतरचं रान जोडीदारांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ते शेती करत असताना तिथे ब्यूइक शेकड्यांनी उतरायचे. आम्ही पोचलो तर नांगरट होऊन गहू वर आलेला, आणि एकही हंस नाही. मी कागद मिटला. ते म्हणाले, "थांब. इथलाही आकडा लिही. शून्य." मला वाटलं, नाही दिसले तर लिहायचं काय? त्यांनी समजावून सांगितलं. थंडी कमी झाल्यापासून बरेच ब्यूइक जर्मनी, नेदरलँड्सलाच थांबतात. इथे दिसले नाहीत म्हणजे मेले असं नव्हे. पण तिथलेही त्याच वेळी मोजले, त्यात आपलं शून्य धरलं, तरच नुसते हलले की खरंच घटले, ते कळणार. मी पेनाने ठळक शून्य काढलं.

पुढे निकाल आले. आइसलँडचे हूपर ४३ हजारांवर गेले होते. वायव्य युरोपातले ब्यूइक १९९५ मध्ये सुमारे २९ हजार होते, २०१५ मध्ये २० हजार. आमच्या गणनेत १३ हजारही भरले नाहीत. विजेच्या तारा, गोळीबार, शिशाच्या छऱ्यांची विषबाधा, कारणं अनेक आहेत. कायद्याने संरक्षण असलेल्या या पक्ष्यांचे एक्स-रे काढले तर जवळपास दर तिसऱ्याच्या अंगात छरे सापडत आले आहेत. हे वाचल्यापासून तो काळा ठिपका माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्या संध्याकाळी चारच्या सुमारास आम्ही ऊझ वॉशेस या पाणथळाच्या बांधावर थांबलो. कोल्ह्यांच्या भीतीने हंस रात्री पाण्यावर येतात. अंधारात रांगांमागून रांगा येत होत्या, तुतारीसारखा आवाज करत. जोडीदारांनी इंजिन बंद केलं, काच पूर्ण खाली केली आणि बोट वर केलं. त्या गलबल्यात एक मऊ, वेगळा आवाज होता. "ब्यूइक," ते हळूच म्हणाले.

आमचेच तिघं होते की दुसरे, अंधारात दिसत नव्हतं. मी क्लिकर दाबला नाही. थंडी आत येत होती, तरी काच आम्ही बराच वेळ वर केली नाही.