'वेळ मिळाला की बघ' म्हणजे नक्की कधी?

इथे ब्रिटनमध्ये हल्ली गळ्यात हिरवी पट्टी घातलेली माणसं दिसतात. पट्टीवर पिवळी सूर्यफुलं. आयकार्ड अडकवायची साधी पट्टी, पण तिचा अर्थ असा: मला वरून न दिसणारी काही अडचण आहे, जरा दमानं घ्या. २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर हे सुरू झालं आणि आता सुपरमार्केटपासून रेल्वे स्टेशनपर्यंत पसरलंय. लीड्सच्या आमच्या ऑफिसात रिसेप्शनवर या पट्ट्यांची टोपलीच ठेवलेली असते. ज्याला हवी त्याने उचलावी, कशासाठी ते कुणी विचारत नाही.

ऑटिझम (स्वमग्नता), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि चंचलता), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा मेळ घालण्यातली अडचण) या सगळ्यांसाठी मिळून इथे न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द चालतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो पुढे आला, तो मुख्यतः ऑटिस्टिक लोकांच्या आपसांतल्या चर्चेतून. म्हणणं साधं होतं: माणसांचे मेंदू वेगवेगळ्या तऱ्हेने चालतात, त्यातली एकच तऱ्हा बरोबर आणि बाकी सगळा बिघाड, असं नव्हे. पुढे तो शब्द एचआरच्या हाती लागला आणि पोस्टरवर गेला. आता दरवर्षी मार्चमध्ये त्याचा आठवडा साजरा होतो, केक कापतात आणि कुणीतरी भाषणात 'ही तर सुपरपॉवर आहे' असं म्हणतंच.

आमच्या टीममध्ये एक ऑटिस्टिक टेस्टर आहे. पगाराच्या सॉफ्टवेअरमधली एका पेनीची चूकही त्याच्या नजरेतून सुटत नाही. असल्या एका भाषणानंतर तो मला म्हणाला, "सुपरपॉवरचं राहू दे, आधी माझ्या डोक्यावरची ती ट्यूब बदला म्हणावं. सारखी फडफडते." ट्यूब बदलायला केकपेक्षा बराच जास्त वेळ लागला. मधल्या काळात त्याला ताणतणाव कसा हाताळावा यावरच्या वर्कशॉपला पाठवलं. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला!

तो स्वतःला 'ऑटिस्टिक' म्हणतो. 'ऑटिझम असलेली व्यक्ती' म्हटलं की वैतागतो. म्हणतो, ऑटिझम काय पिशवीत घेऊन फिरतो का मी? यात तो एकटा नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत ३,४७० जणांना हेच विचारलं होतं. ऑटिस्टिक प्रौढांचा कल 'ऑटिस्टिक'कडे निघाला आणि 'ऑटिझम असलेली व्यक्ती'ला सर्वाधिक पसंती होती ती या क्षेत्रात काम करणाऱ्या व्यावसायिकांची. अर्थात एकमत कुठेच नव्हतं. त्यामुळे मी समोरच्यालाच विचारते आणि तो म्हणेल तो शब्द वापरते.

पण लोकांना काय म्हणावं यावर इथे जितका काथ्याकूट होतो, तितका लोकांशी कसं बोलावं यावर होत नाही. खरी गोची तिथेच आहे. ब्रिटिश साहेब कधी सरळ 'हे कर' म्हणत नाही. 'वेळ मिळाला की जरा नजर टाकशील का?' म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी हवंय. 'कल्पना रंजक आहे' म्हणजे विषय संपला. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे आहेच, पण तिथे निदान सुनेला पक्कं ठाऊक असतं की हे आपल्यालाच. आमच्या टेस्टरने असाच एक रिपोर्ट, खरंच वेळ मिळाला तेव्हा, म्हणजे गुरुवारी पाहिला. मॅनेजरला तो सोमवारीच हवा होता. शब्दाला शब्द धरला तर चूक कुणाची, सांगा.

शेवटी उपाय निघाला तो फुकटातला. आता मॅनेजरच्या प्रत्येक मेलमध्ये वर तीन ओळी असतात: काय हवंय, कधीपर्यंत, कुणाला पाठवायचं. कायद्याच्या भाषेत ही 'रीझनेबल ॲडजस्टमेंट'. इक्वॅलिटी ॲक्ट २०१० नुसार अपंगत्वाच्या व्याख्येत बसणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी असे वाजवी बदल करणं मालकावर बंधनकारक आहे आणि ऑटिझम किंवा एडीएचडीही त्या व्याख्येत बसू शकतात. सोय केली एकासाठी, पण सुटकेचा निःश्वास सोडला आम्ही सगळ्यांनी. पोलंडची बाई, नायजेरियाचा पोरगा आणि मी, सगळे इतकी वर्षं अंदाजपंचे दाहोदरसेच करत होतो.

कायद्याला दात आहेत, हेही खरं. सरकारी वकिलांच्या भरतीपरीक्षेत एका ऑटिस्टिक उमेदवाराने विनंती केली होती, की पर्याय निवडण्याऐवजी मला थोडक्यात उत्तरं लिहू द्या. नकार मिळाला. पास व्हायला १४ गुण लागत होते, पडले १२. प्रकरण अपील ट्रिब्युनलपर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये निकाल उमेदवाराच्या बाजूने लागला. भरपाई मात्र ८६० पौंड, म्हणजे लंडनमध्ये एका खोलीचं महिन्याचं भाडं. आणि एवढे कायदे, एवढे आठवडे असूनही, २०२४ च्या सरकारी बकलँड अहवालानुसार कामाच्या वयातल्या ऑटिस्टिक लोकांपैकी दहातले जेमतेम तीन जण नोकरीत आहेत. हा आकडा पोस्टरवर कधी दिसत नाही.

हे सगळं लिहायचं निमित्त म्हणजे दादाचा फोन. पुतण्याला डिस्लेक्सिया आहे, तो सप्टेंबरमध्ये इकडे मास्टर्सला येतोय. दादाचा प्रश्न एकच: "फॉर्मवर लिहू की लपवू?" मी म्हटलं, लिही. इथल्या विद्यार्थ्यांना मिळणारा सरकारी भत्ता परदेशी मुलांना नसतो, पण युनिव्हर्सिटीचं स्वतःचं डिसेबिलिटी ऑफिस असतं आणि परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो. त्यासाठी ते कागद मागतात, तेव्हा सायन हॉस्पिटलचं शाळेतलं सर्टिफिकेट आणि जमलं तर नवा, सविस्तर इंग्रजी रिपोर्ट सोबत असू दे. नोकरीच्या वेळी ऑफर देण्याआधी मालकाला तब्येतीची चौकशी सहसा करता येत नाही. मुलाखतीसाठी काही सोय हवी का, एवढं विचारू शकतात. तेव्हा प्रश्न आधी मिळतील का, हे बिनधास्त विचारायचं. जॉन लुईस या मोठ्या दुकानसाखळीने तर २०२४ मध्ये मुलाखतीचे प्रश्न थेट वेबसाइटवर टाकायचं ठरवलं.

दादा क्षणभर गप्प. मग म्हणाला, "म्हणजे पेपर फोडला की गं त्यांनी!"