आवाज सत्तावीस

आमच्या घरात गाण्याचे परीक्षक बाबा. त्यांचे गुण कळायचे टीव्हीच्या पडद्यावर खाली उमटणाऱ्या हिरव्या पट्टीवरून. एरवी आवाज अठरावर. बातम्या अठरा, आईच्या मालिका पंधरा. पण गाण्याची स्पर्धा लागली की रिमोट त्यांच्या मांडीवर आणि अंगठा बटणावर. मुखडा संपेपर्यंत आकडा अठरावरच राहिला तर त्या पोराचं काही खरं नाही, हे आम्ही ओळखायचो. बावीस म्हणजे बरंय. पंचवीस झालं की आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर यायची. सत्तावीसच्या पुढे शेजारच्या काकू भिंतीवर थाप मारत, म्हणून सत्तावीस हा आमच्याकडचा ‘वरचा सा’.

‘वरचा सा’ हा शब्द अर्थातच टीव्हीतून आला. मराठी ‘सा रे ग म प’मध्ये परीक्षक गुण आकड्यांत देत नसत, स्वरांत देत. एखाद्याला ‘ध’, एखाद्याला ‘नि’, आणि फारच जमून आलं तर वरचा सा. २००८ च्या पावसाळ्यात त्याचं लहान मुलांचं पर्व, ‘लिटल चॅम्प्स’, सुरू झालं आणि ही भाषा घरोघरी गेली. माझ्या बहिणीने घटक चाचणीचा पेपर दाखवताना “गणितात ‘म’ मिळालाय” असं सांगून वेळ मारून नेल्याचं मला पक्कं आठवतंय.

त्या पर्वाने घरात गट पाडले. आई आर्या आंबेकरच्या बाजूची. तिच्या मते गाणं गळ्यातून आलंय हे कळूच नये इतकं सहज आलं पाहिजे. मी प्रथमेश लघाटेचा, कारण तो कोकणातला आणि आमचं आजोळ रत्नागिरीकडचं. हे कारण सांगीतिक नाही, मान्य. बहीण रोहित राऊतची. मुग्धा वैशंपायन सगळ्यांचीच, कारण ती एवढीशी होती आणि तिच्यावरून भांडायला कुणाची जीभ रेटेना. बाबा मात्र कार्तिकी गायकवाडवर ठाम. त्यांनी भजनी मंडळात पंचवीस वर्षं पेटी वाजवलेली. आळंदीची ही पोर गवळण गायला लागली की त्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर भाता मारायची. “आवाज टाकते बघ. चोरत नाही,” एवढंच म्हणत. माइकपासून दहा हात लांब बसलेल्या माणसापर्यंत शब्द गेला पाहिजे, ही मंडळातली अट. तीच त्यांनी टीव्हीला लावलेली.

फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली. आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी फोडणीला टाकता टाकता म्हणाली, “मतं मिळाली, ठीक आहे. गाणं कुणाचं होतं ते मला माहितीय.” त्यावर बाबांनी पेपर डोळ्यांसमोर धरला. मतांच्या बाबतीत आमचं घर तसंही बोलायच्या लायकीचं नव्हतं. अभिजीत सावंत २००५ साली पहिला इंडियन आयडॉल झाला तेव्हापासून मेसेज करून माणसं निवडायची चटक सगळ्यांनाच लागली होती. हे मेसेज साध्या मेसेजपेक्षा महाग असतात, हे बहिणीला कळलं ते बाबांच्या मोबाइलमधला बॅलन्स संपल्यावर. आणि मतं रोहितला गेलेली, त्यांच्याच पैशांनी, कार्तिकीच्या विरोधात!

आता परीक्षकांविषयी. गाणं संपून परीक्षक बोलायला लागले की बाबा आवाज सरळ बंद करत. आम्ही ओरडायचो, कारण आम्हाला तेच ऐकायचं असायचं. तेव्हा मला हा बाबांचा हेकटपणा वाटे. पुढे वेगवेगळ्या वाहिन्यांवरच्या स्पर्धा बघत गेलो तशी त्यांची बाजू पटायला लागली. “मी निःशब्द झालोय” म्हणून तीन मिनिटं बोलणारे परीक्षक पाहिले. बाही वर करून अंगावरचा काटा कॅमेऱ्याला दाखवणारे पाहिले. “तू गाणं गायलं नाहीस, जगलास” हे वाक्य तर इतक्यांदा ऐकलंय की कधीतरी एखाद्याने नुसतं गावं असं वाटतं. उभं राहून टाळ्या वाजवणं पूर्वी पर्वातून दोन-तीनदा व्हायचं. आता परीक्षक बसलेले राहिले की पोराचा चेहरा पडतो.

पण एखादा परीक्षक बारीक काहीतरी सांगून जातो, आणि त्यासाठी बाकीचं सगळं सहन करावं. “खालच्या षड्जावर येताना तुझा सूर किंचित उतरतो, कारण तोवर श्वास संपलेला असतो. आधीच्या ओळीत एक श्वास चोरून घे.” किंवा “शब्द तिथे तोडू नकोस, अर्थ तुटतो.” असं ऐकलं की तेच गाणं पुन्हा लावून ती जागा शोधावीशी वाटते. दोन मिनिटांचं तर गाणं असतं. मुखडा, एक अंतरा, संपलं. दुसरा अंतरा वाहिन्यांनी कधीच कापून टाकला. तेवढ्यात श्वास कुठे घेतला हे पकडणाऱ्याचा कान मानलाच पाहिजे.

“कुठे बेसूर झाला? उगाच नावं ठेवतात!” असं घरोघरी म्हटलं जातं, त्यातही एक गोम आहे. परीक्षक स्टुडिओत बसून ऐकतात ते कच्चं गाणं. आपल्यापर्यंत येतं ते मिक्सिंग होऊन आणि वर थोडा घुमारा चढवून, कित्येकदा सूरही जागेवर बसवून. भांडतो आपण एकाच गाण्यावरून, पण दोघांनी ऐकलेलं वेगळं असतं. हे मी बाबांना एकदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे इस्त्रीचे कपडे बघून आपण धुणं कसं झालंय ते सांगतो.” यापुढे मला काही सांगायचं उरलं नाही.

२०२१ मध्ये ‘लिटल चॅम्प्स’ पुन्हा आलं तेव्हा परीक्षकांच्या खुर्च्यांत हेच पाच जण बसले होते, कार्तिकी, आर्या, प्रथमेश, मुग्धा, रोहित. आईला कौतुक कुणाचं तर मुग्धाच्या साडीचं. बाबांनी मात्र पहिल्यांदाच परीक्षक बोलताना आवाज बंद केला नाही. पंधरावर आणला, आईच्या मालिकेइतका. आमच्याकडच्या हिशेबाने ही मोठी बढती.

अलीकडे हिरवी पट्टी काही सांगेनाशी झाली आहे. बाबांचे कान गेले. टीव्ही नवा, आकडा कायम एकेचाळीसवर, बातम्यांनाही आणि जाहिरातींनाही. काकू आता मुलाकडे असतात, भिंतीवर थाप मारायला कुणी नाही. मग आम्ही कानाचं मशीन आणलं. ते आलं आणि त्यांची जुनी सोय नव्याने झाली. गाणं संपलं की बाबा शांतपणे मशीन काढून मुठीत धरतात.

परवा असंच एका स्पर्धेत एक मुलगी नाट्यगीत गायली. बाबांनी मशीन काढलं, आणि नेमकी तेव्हाच परीक्षकाने तिला एक ओळ गाऊन दाखवली, जागा कशी घ्यायची ते. ओठ हलताना बघून बाबांना कळलं की हे बोलणं नव्हे. “काय गायला रे?” त्यांनी विचारलं. मी त्यांच्या कानाशी वाकून ती ओळ म्हटली, जमेल तशी, जरा मोठ्याने.

“गंधार लागत नाही तुझा,” बाबा म्हणाले. मशीन अजून मुठीतच होतं.