नाचण्याचं सत्त्व आणि कायद्याचे रकाने : आमची वाटचाल

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या आजरा भागात नाचणीला नाचणा म्हणतात. त्याचं मोड आणलेलं पीठ, सत्त्व, पापड आणि अलीकडे बिस्किटं, हा आमचा धंदा. २०११ मध्ये बचत गटातून सुरुवात झाली. २०१५ ला माझ्या एकटीच्या नावावर फर्म, २०१८ ला प्रायव्हेट लिमिटेड, आणि २०२१ ला तिच्या शेजारी बायकांची उत्पादक कंपनी, म्हणजे माल पिकवणाऱ्या आणि त्यावर काम करणाऱ्या सभासदांच्याच मालकीची कंपनी. नाव एकच, पण कागदावर आम्ही दोन आहोत. असं का, हे आम्हाला वारंवार विचारलं जातं, म्हणून हा लेखाजोखा.

नाचणा गावातल्या बायकांकडून ठरलेल्या दराने घ्यायचा, निवडण्या-पाखडण्यापासून पॅकिंगपर्यंतचं काम त्यांनाच द्यायचं आणि नफ्यातला मोठा वाटा त्यांच्याकडे परत जाऊ द्यायचा, एवढंच आमचं ठरलं होतं. याला हल्ली सोशल एंटरप्राइज म्हणतात. पण या नावाची कंपनी भारतात नोंदवता येत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ हा स्वतंत्र प्रकार आहे. तिथे धंदा करता येतो, नफाही मिळवता येतो, पण मालमत्ता समाजाच्या कामाशी कायद्यानेच बांधलेली असते. आपल्याकडे मात्र एक तर धर्मादाय, नाही तर धंदा.

गडहिंग्लजचे आमचे सीए म्हणाले, “ताई, कायद्याला तुमचं मन कळत नाही. नफा वाटणार की नाही, एवढंच तो विचारतो.” नाही वाटणार म्हटलं तर कंपनी कायद्याचं कलम ८. त्यात नफा होऊ शकतो, पण लाभांश देता येत नाही, आणि कंपनी बंद झाली तर उरलेली मालमत्ता तशाच दुसऱ्या कंपनीकडे जाते. आमच्या बायकांना मात्र वाटा हवा होता, आणि माझ्या मते तो त्यांचा हक्कच होता. सहकारी संस्थेचाही विचार झाला. पण निबंधकांचं कार्यालय, निवडणुका आणि पॅनेलचं राजकारण यांची आजऱ्यात कुणाला नवलाई नाही. लिज्जतचं उदाहरण हमखास पुढे येतं. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि १९६६ मध्ये सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदणी झाली. त्याच वर्षी खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली, म्हणजे त्यांच्या वेळी पापडासाठी सरकारदरबारी एक जागा होती. आमच्या सत्त्वाच्या डब्यासाठी अशी जागा शोधत बसायला वेळ नव्हता. मोठ्या ऑर्डरसाठी समोरच्याला ‘प्रायव्हेट लिमिटेड’ हवं होतं, ते आम्ही केलं.

नफ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त लाभांश वाटायचा नाही, बाकीचा कामगार बायकांच्या निधीत आणि यंत्रांत घालायचा, ही अट आम्ही आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, घातली. पण आर्टिकल्स विशेष ठरावाने, म्हणजे ७५ टक्के मतांनी बदलता येतात. मग अटीचा उपयोग काय? २०१३ च्या कायद्याच्या कलम ५ मध्ये एक सोय आहे, जी आमच्या तालुक्यात दुसऱ्या कुणी वापरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. एखादं कलम बदलायला विशेष ठरावाहूनही कडक अट ठेवता येते. आम्ही ‘सर्व भागधारकांची संमती’ अशी ठेवली. भागधारक आम्ही चौघंच. उद्या चौघांचं एकमत झालं की तीही गेली, हे तेव्हाही दिसत होतं.

उत्पादक कंपनी त्यातूनच आली. हा प्रकार आपल्या कायद्यात २००३ पासून आहे. किमान दहा उत्पादक आणि किमान पाच संचालक लागतात, आणि शेअर कितीही असले तरी व्यक्तिगत सभासदाला मत एकच. सभासदाने जेवढा माल दिला त्या प्रमाणात बोनस देता येतो. आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली ती उत्पादकाची व्याख्या. शेतीमालाशी निगडित काम करणारी व्यक्ती, एवढंच कायदा म्हणतो. जमीन नावावर हवी, असं त्यात नाही. आमच्या सभासदांतल्या बहुतेकींचं नाव सातबाऱ्यावर नाही, राबतात मात्र त्याच. पुढे एकेका योजनेच्या अर्जात सातबारा मागितला गेला, तो भाग वेगळा.

नाचण्याचा दर उत्पादक कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. मी तिथे साधी सभासद आहे, दराच्या चर्चेला बसत नाही. पायाला केंद्राचा हमीभाव धरतात. २०२४-२५ ला तो क्विंटलला ४,२९० रुपये होता, २०२५-२६ ला ४,८८६ झाला. पहिली तीन वर्षं १०० कोटींखालची उलाढाल असलेल्या उत्पादक कंपन्यांना असलेली आयकराची सवलत मिळाली. ती २०२३-२४ च्या उत्पन्नापर्यंतच होती. सहकारी संस्थांची सवलत चालू राहिली, आमची संपली. एकाच बांधावरच्या दोन बायका, एकीचा नाचणा सोसायटीत जातो आणि दुसरीचा कंपनीत, म्हणून कर वेगळा, हे मला अजून पटलेलं नाही.

सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी समाजाच्या कामासाठी द्यायच्या पैशांचा, अनुभव थोडक्यात सांगते. एका कंपनीला सोलर ड्रायर द्यायचा होता. पण अशी रक्कम घेऊन काम करायला कलम ८ ची कंपनी, ट्रस्ट किंवा सोसायटी लागते. ड्रायर ओळखीच्या ट्रस्टच्या नावावर आला, शेवया त्यावर आम्ही वाळवतो. सोशल स्टॉक एक्स्चेंजची, म्हणजे सामाजिक काम करणाऱ्यांना पैसा उभारता यावा म्हणून शेअर बाजारात काढलेल्या विभागाची, घोषणा २०१९ च्या बजेटात झाली तेव्हा आशा होती. नियम आले २०२२ ला. ना-नफा संस्थेला तिथे नोंदवायलाच वर्षाचा ५० लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि नफा करणाऱ्या उपक्रमाने नेहमीच्याच बाजारात शेअर विकायचे. आमच्यासाठी दोन्ही दारं बंदच.

खरा उपयोग झाला तो ‘सामाजिक’ हा शब्दसुद्धा नसलेल्या कायद्याचा. शहरातली एक दुकानसाखळी आमचं बिल तीन-तीन महिने अडकवायची. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात, हे २००६ च्या कायद्यात आहे. व्याजही बँक दराच्या तिप्पट. पण तक्रार करून गिऱ्हाईक कोण घालवणार? मग आयकरात ४३बी(एच) आलं. मुदत उलटली आणि वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर ती खरेदी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. मार्च २०२४ मध्ये त्याच साखळीच्या हिशेब खात्याकडून फोन : “मॅडम, उद्यम सर्टिफिकेट पाठवा, तुमचं बिल आज काढतो.” हा सूक्ष्म-लघु उद्योगाच्या नोंदणीचा दाखला, मी लगेच पाठवला. याची दुसरी बाजूही आहे. एका खरेदीदाराने त्यानंतर मध्यम उद्योगाकडून माल घ्यायला सुरुवात केली, कारण तिथे ही अडचणच नाही.

आता अडलंय ते इथे. उत्पादक कंपनीला प्रायव्हेट कंपनीत वाटा द्यायचा आहे. आमच्या आर्टिकल्समधली अट टिकवायला त्यांच्याकडे एक शेअर असला तरी पुरे. पण उद्या नवे शेअर तिसऱ्याच कुणा बाहेरच्याला द्यायचे झाले तर विशेष ठराव पुरतो. तो अडवण्याइतकी ताकद बायकांच्या हातात हवी, म्हणजे चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त. पैसे आणायचे कुठून? उत्पादक कंपनी दुसऱ्या कंपनीत गुंतवू शकते ती आपल्या भांडवल आणि मोकळ्या गंगाजळीच्या ३० टक्क्यांपर्यंत, आणि दीडशे सभासदांच्या हजार-हजार रुपयांत ते काही बसत नाही. मग माझेच शेअर भेट देते म्हटलं, तर ती भेट उत्पादक कंपनीचं उत्पन्न धरून त्यावर कर. सीए मूल्यांकनाचा आकडा काढताहेत. तो आला की सप्टेंबरच्या वार्षिक सभेपुढे विषय ठेवू.