डॉलिश: रुळांपलीकडे समुद्र

लंडनच्या पॅडिंग्टनहून प्लिमथकडे निघालात तर एक्सेटर सुटल्यावर डाव्या हाताच्या खिडकीशी बसा. आधी एक्स नदीची खाडी लागते, स्टारक्रॉस मागे पडतं, डॉलिश वॉरन येतं आणि मग रूळ थेट समुद्राला भिडतात. उजवीकडे तांबडा कडा, डावीकडे पाणी, मध्ये दोन रूळमार्ग आणि एक भिंत. डेव्हन परगण्यातलं डॉलिश हे छोटं गाव या पट्ट्यात आहे. त्याचं स्टेशन पुळणीवरच बांधलेलं आहे.

आपल्याकडे कोकण रेल्वेचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. प्रत्यक्षात ती बहुतेक ठिकाणी किनाऱ्यापासून बरीच आत, डोंगर फोडून आणि खाड्या ओलांडून जाते. खिडकीतून समुद्र पाहायची जी हौस तिथे अपुरी राहते, ती डॉलिशला पुरेपूर भागते. त्याची किंमत हे गाव आणि ही रेल्वे पावणेदोनशे वर्षं मोजत आली आहेत.

एक्सेटर ते टिनमथ (डॉलिशच्या पुढचं किनाऱ्यावरचं गाव) हा मार्ग 30 मे 1846 रोजी सुरू झाला. म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडीच्या सात वर्षं आधी. अभियंता होता इसम्बार्ड किंग्डम ब्रुनेल. किनाऱ्यामागे हॅल्डनच्या टेकड्या असल्याने त्याने सपाटीसाठी किनारा धरला. कड्याच्या पायथ्याशी भिंत बांधली, तिच्यामागे भराव घातला आणि जिथे कडा थेट पाण्यात उतरतो तिथे बोगदे काढले. डॉलिश ते टिनमथ या एवढ्याशा अंतरात पाच बोगदे आहेत. शेवटचा पार्सन्स टनेल सर्वांत लांब.

ब्रुनेलला इथे इंजिनाविना गाडी चालवायची होती. ही यंत्रणा मुळापासून समजून घेण्यासारखी आहे. दोन रुळांच्या मधोमध 15 इंच व्यासाचा लोखंडी पाइप. त्याच्या माथ्यावर लांबच लांब फट आणि फटीवर एका कडेने बसवलेली कातड्याची झडप. पाइपात दट्ट्या (पिस्टन) असे. दट्ट्याचा दांडा फटीतून वर येऊन पहिल्या डब्याला जोडलेला. सुमारे तीन-तीन मैलांवर पंपघरं होती. तिथली वाफेची यंत्रं गाडीच्या पुढच्या बाजूची हवा पाइपातून खेचून घेत आणि मागची बाहेरची हवा दट्ट्याला पुढे रेटे. दट्ट्यामागची झडप दांड्याला वाट देण्यापुरती उचलली जाई आणि लगेच दाबून बंद केली जाई. ना धूर, ना ठिणग्या. हलकी गाडी ताशी 68 मैलांपर्यंत गेल्याची नोंद आहे. त्या काळात हा वेग थक्क करणारा होता.

सप्टेंबर 1847 मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली आणि पुढच्याच सप्टेंबरात बंद पडली. उंदरांनी चरबी खाण्यासाठी कातडं कुरतडलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती ऐकायला बरी वाटते, पण खरा घात कातड्याचाच होता. हवा आत शिरू नये म्हणून फटीवर चरबीचा आणि साबणाचा लेप द्यावा लागे. तो उन्हावाऱ्याने सुके. थंडीत कातडं ताठर होई आणि नीट बसेना. कमावलेल्या कातड्यातलं टॅनिन आणि लोखंडाचा गंज यांच्या संयोगाने ते कुजून फाटू लागलं. गळती वाढली की पंपांना जास्त जोर लावावा लागे, म्हणजे कोळसा जास्त. खर्च गाडीमागे दर मैलाला 3 शिलिंग 1 पेनी, तर साध्या वाफेच्या इंजिनाचा 1 शिलिंग 4 पेन्स. त्यात पंपघरांना जोडणारी तारयंत्रणा 1848 च्या ऑगस्टपर्यंत नव्हती. गाडी उशिरा असली तरी पंपवाला वेळापत्रक पाहून यंत्र सुरू करी आणि कोळसा फुकट जाई. एका रुळावरून दुसऱ्यावर जायच्या सांध्यांच्या जागी पाइप तोडावा लागे, तो त्रास वेगळाच. स्टारक्रॉसचं तांबड्या दगडाचं पंपघर अजून रुळांशेजारी उभं आहे. मूळ पाइपाचा तुकडा पाहायचा तर डिडकॉटच्या रेल्वे संग्रहालयात.

ब्रुनेलचा रूळही रुंद होता, 7 फूट पाव इंच. भारतातला ब्रॉडगेज 5 फूट 6 इंचांचा, म्हणजे त्याच्यापेक्षा बराच अरुंद. मे 1892 मध्ये एका शनिवार-रविवारी चार हजारांवर माणसं लावून एक्सेटरच्या पश्चिमेचे 170 मैलांहून अधिक रूळ आत सरकवले आणि सोमवारी नव्या मापाच्या गाड्या धावल्या. लांब लाकडांवर बसवलेला रूळ होता, मधले आडवे दांडे कापून तो सरकवता येत होता, म्हणून हे शक्य झालं.

गावाचं रूप रेल्वेच्या आधीच बदलायला लागलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथला ओढा सरळ केला, दोन्ही काठांवर हिरवळ आखली. 1810 च्या पुराने ते मोडलं तेव्हा पुन्हा बांधलं. याच ओढ्यावर आज काळे राजहंस दिसतात, ते गावाचं बोधचिन्ह झालेत. हिरवळीवरून पुळणीवर जायचं तर ओढ्याच्या कडेने रेल्वेच्या कमानीखालून जावं लागतं. लाकडी स्टेशन 1873 मध्ये जळालं, सध्याची इमारत 1875 ची.

आता भिंतीविषयी, कारण या गावाचा खरा इतिहास तिच्यातच आहे. आपल्याकडच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे लगेच कळेल. लाट नुसती आपटून भिंत पाडते असं क्वचितच होतं. आधी पुळणीची वाळू वाहून जाते आणि पातळी खाली जाते. पाणी खोल झालं की लाट लांबवर न फुटता भिंतीशी येऊन फुटते आणि पायाखालची माती उकरते. वरून उडालेलं पाणी मागच्या भरावात मुरतं. एकदा भगदाड पडलं की भराव आतून वाहून जातो, खडी जाते आणि रूळ स्लीपरांसकट लोंबकळतात. किनारा आग्नेयेकडे तोंड करून असल्याने उधाणाची भरती आणि पूर्वेचा किंवा आग्नेयेचा वारा एकत्र आले की धोका सर्वांत मोठा.

फेब्रुवारी 1855 मध्येही भिंत फुटली होती. पण लोकांच्या लक्षात आहे ती 4 फेब्रुवारी 2014 ची रात्र. रिव्हिएरा टेरेससमोर सुमारे 80 मीटर भिंत गेली, रूळ हवेत झुलत राहिले, मागच्या घरांच्या अंगणापर्यंत समुद्र आला. दुरुस्ती चालू असताना पुन्हा वादळ येणार म्हणून मालवाहू जहाजांचे कंटेनर दगडांनी भरून एकापुढे एक लावले आणि तात्पुरता बंधारा केला. मार्चमध्ये टिनमथजवळचा कडा खचू लागला. सुमारे 20 हजार टन माती लोंबत होती. ती आपोआप पडायची वाट न पाहता पाण्याचे जोरदार फवारे मारून खाली आणली. 4 एप्रिलला गाड्या सुरू झाल्या. दोन महिने कॉर्नवॉल आणि प्लिमथचा उरलेल्या देशाशी रेल्वेने संबंध नव्हता.

पर्यायी मार्ग होता. ओकहॅम्प्टनवरून डार्टमूरच्या माळरानाला वळसा घालून जाणारा. तो 1968 मध्ये मधोमध तोडला गेला. 2021 मध्ये ओकहॅम्प्टनपर्यंतची प्रवासी सेवा पुन्हा सुरू झाली, पण पुढचा दुवा नाही. आमच्या मते तो जोडला जायला हवा. एकच मार्ग आणि तोही भरतीच्या रेषेवर, ही स्थिती कितीही काँक्रीट ओतलं तरी बदलत नाही.

काँक्रीट मात्र उत्तम ओतलं आहे. सुमारे 8 कोटी पौंडांची नवी भिंत दोन टप्प्यांत झाली, पहिला 2020 मध्ये आणि दुसरा 2023 मध्ये. जुनीपेक्षा ती अडीच मीटर उंच आहे आणि तिचा माथा समुद्राकडे वळवलेला आहे. आलेली लाट वर चढून त्या वळणाने परत फेकली जाते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बोटही चालेना आणि क्रेनही, तिथे आठ पायांवर चालणारा पोलादी तराफा आणून काम केलं. पार्सन्स टनेलच्या तोंडाशी दरडींपासून बचावासाठी 109 मीटर लांबीचं छत केलं आहे. दरडी काय करू शकतात हे वैभववाडीच्या 2003 च्या अपघातानंतर कोकणात वेगळं सांगायला नको.

वादळात दोन्ही दिशांच्या गाड्या कड्याकडच्या रुळावरून सोडता येतात, तशी सिग्नलची सोय आहे. तरीही छतावर ब्रेकचे विद्युत रोधक (ब्रेक लावताना तयार होणारी वीज उष्णतेत जिरवणारे) असलेल्या व्हॉयेजर जातीच्या गाड्या खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याने बंद पडल्याचे प्रकार वारंवार घडले आहेत.

जाणार असाल तर डॉलिश वॉरनला उतरा आणि भिंतीवरून डॉलिशपर्यंत चाला, साधारण अडीच किलोमीटर. निघण्याआधी भरतीचं कोष्टक पाहा आणि वारा पूर्वेचा असेल तर बेत रद्द करा. डॉलिशच्या पुढे बोगदे असल्याने किनाऱ्याने वाट नाही, पायवाट वर चढून कड्यामागून जाते. ती पुन्हा समुद्राशी उतरते स्मगलर्स लेनच्या तळाशी. तिथून टिनमथपर्यंत परत भिंतीवरून सरळ चालता येतं, पण भरतीला तो उतार पाण्याखाली जातो. ओहोटी लागल्यावर दोन तासांनी तिथे पोहोचाल असं पाहा.