तुम्ही विचारलंत म्हणून: तात्यांचं घराकडे लक्ष होतं का?

तात्या, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून हा प्रश्न जास्तच येतो. पूर्वी पाहुणेरावळे विचारायचे, आता त्यांच्यावर काहीतरी लिहायचंय म्हणून फोन करणारी तरुण मुलंही विचारतात. "आयुष्यभर समाजकार्य केलं त्यांनी. मग घराकडे लक्ष द्यायला वेळ मिळायचा का?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा दोनांपैकी एक उत्तर हवं असतं. एक तर "कसला वेळ, आम्ही आपले आपणच वाढलो", नाहीतर "छे हो, आमच्यावर फार जीव होता त्यांचा". दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींतून तात्या कळत नाहीत.

समाजकार्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आश्रम येतो, नाहीतर उपोषणाचा मांडव. तात्या अर्ज लिहायचे. माणदेशातल्या आमच्या भागात रोजगार हमीच्या मजुरांचे अर्ज.

१९७२ च्या दुष्काळात ते पंचविशी ओलांडलेले, सेवा दलाच्या शाखेत वाढलेले, खडी फोडायच्या कामावर हजेरी लिहायला होते. कामावर वाटलेली सुकडी बाया स्वतः न खाता पदराला बांधून पोरांसाठी घरी न्यायच्या, हे त्यांनी तिथे पाहिलं. पुढे पाऊस झाला, दुष्काळी कामं बंद झाली, हजेरीपट मिटले. हाताला काम नसणं मात्र आमच्याकडे तसंच राहिलं. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मूळ कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची, आणि पहिला प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा. म्हणजे आपल्याच मुलखातला, याचा तात्यांना कोण अभिमान! मागेल त्याला काम द्यायचं असं कायदा म्हणत होता. मागायचं कसं, हे मात्र गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

अर्ज लेखी हवा, नमुना चारमध्ये. अर्जाची पोच घ्यायची. पोचेवर तारीख हवीच, कारण काम द्यायचे १५ दिवस त्या तारखेपासून मोजायचे. नाही दिलं तर बेकार भत्ता, सुरुवातीला दिवसाला १ रुपया. रुपयाने कुणाची चूल पेटणार होती? पण भत्ता द्यायची वेळ आली की साहेबाला वरती जाब द्यावा लागायचा, आणि कामं निघायची ती त्या धाकाने. नवं काम काढायचं तर किमान ५० मजूर लागत. सत्तेचाळीस नावं झाली आणि पुढे गाडं अडलं की कुणीतरी हमखास सुचवायचं, "तात्या, तीन नावं द्या की ठोकून." मग तात्या कंदील घेऊन शेजारच्या वाडीवर जायचे आणि तीन खरी माणसं घेऊन यायचे. खोटी नावं लिहायला हजेरीपटावरचा मुकादम आहेच की, म्हणायचे, त्याच्या पोटावर आपण कशाला पाय द्यायचा.

संध्याकाळी आमची ओसरी भरलेली असायची. दोन कागदांच्या मधे कार्बन घालून देणं हे आम्हा भावंडांचं काम. शाईचा पॅड तात्या मुद्दाम आतल्या फडताळात ठेवत. एखाद्या बाईने अंगठा पुढे केला की म्हणायचे, "पॅड सापडंना बघा. नाव लिहायचं शिकता का तोवर?" आणि आईची एखादी विद्यार्थिनी त्या बाईच्या शेजारी पाटी घेऊन बसायची. सगळ्याच शिकल्या असं नाही. काहीजणी वैतागून म्हणायच्या, "ओ, आणा की तो पॅड, म्हशी सुटल्यात माझ्या." मग पॅड सापडायचा.

रविवारी ते मला कामावर न्यायचे, टेपचं दुसरं टोक धरायला. मजुरी दिवसावर नव्हती, खोदलेल्या मातीवर होती. म्हणून खोदताना मधे मातीचा एक खुंट तसाच सोडतात, जमीन मुळात किती उंच होती ते दाखवायला. मोजणारा त्या खुंटावरून खोली धरतो. तात्या बायांना मोजायला शिकवायचे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल, झाला एक ब्रास. एकदा हे डोक्यात बसलं की कुणी माप कमी लिहिलं तर जागच्या जागी कळायचं. एका मावशींनी तर मोजायला आलेल्या साहेबालाच टेप सरळ धरायला लावली होती. पण खुंटावर गुपचूप दोन पाट्या माती थापून उंची वाढवणारेही असत. त्यांना तात्या चारचौघांत झापायचे. ते लोक पुढे आठवडाभर आमच्या ओसरीकडे फिरकत नसत. तात्यांना त्याचं काही वाटायचं नाही. त्यांचा स्वभाव तापटच होता, आणि तो घरीही तापटच होता.

आता घर. घर आईच्या पगारावर चालायचं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमची आजारपणं, फी, दिवाळीचे कपडे, छपराचे पत्रे, सगळं तिने पाहिलं. तिच्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जायचा. महाराष्ट्रात हा कर १९७५ पासून बसला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. पगाराच्या दिवशी आई तो आकडा मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "घ्या, तुमच्या मजुरांची सोय झाली." तात्या गंभीर चेहऱ्याने तिला हात जोडायचे.

शोकसभेत एक वक्ते म्हणाले की तात्यांनी संसारावर तुळशीपत्र ठेवलं होतं. आई पहिल्या रांगेत होती. माझ्याकडे वळून, पण दोन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुळस कोण रोज पाणी घालून जगवत होतं ते विचार की त्यांना." मला विचाराल तर हे तुळशीपत्राचं कौतुक आता पुरे झालं. ज्या घरातला एक माणूस बाहेरचं पाहतो, तिथे दुसरं कुणीतरी दोघांचं पाहत असतं, आणि त्याचा सत्कार होत नाही. तात्यांना हे पुरतं माहीत होतं. त्यांना मिळालेली प्रत्येक शाल ते घरी आल्यावर न बोलता आईच्या खुर्चीवर टाकायचे. आई त्या शाळेतल्या मुलींना वाटून टाकायची.

लक्ष होतं का, तर होतं. पण त्यांना लक्ष देण्याची एकच रीत येत होती. माझी शाळा त्यांनी कधी पाहिली नाही. मी कितवीत आहे हे त्यांना आईला विचारावं लागायचं. पण कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म भरून आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "पोच घेतलीस?" बँकेच्या कर्जाला तेच, नोकरीच्या अर्जाला तेच. लग्नाची बोलणी चालू असताना त्यांनी सासरच्यांकडून 'देणंघेणं काही नाही' असं चक्क लेखी मागितलं होतं, तारीख घालून. सासरे अजून तो किस्सा सांगतात.

शेवटच्या वर्षी माझ्या लेकीने शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाईलवरून भरला. तात्यांनी पोच मागितली. तिने आलेला मेसेज दाखवला. त्यांनी चष्मा लावून तारीख वाचली, उठून कालनिर्णयवर बोटाने पंधरा दिवस मोजले आणि त्या चौकोनात तिचं नाव लिहिलं. पंधराव्या दिवशी सकाळी सातला तिला फोन. "काही कळवलं का त्यांनी? नसेल तर मी लिहायला घेतो, तू फक्त साहेबाचा हुद्दा सांग."